टोकियोची भूक

आमच्या तांड्यात पंगतीत कोणी वाढप्याची वाट न पाहता पानातलं उचलून खायला लागलं, की शेजारचा म्हणतो, "याले टोकियोची भूक लागली बाप्पा." पोरंसोरंही म्हणतात. टोकियो कुठं आहे हे त्यांना शाळेत कळतं, पण तिथली भूक नेरजवळच्या आमच्या तांड्यात कशी आली, हे विचारलं तर त्यांना सांगता येत नाही. जुन्या माणसांना मात्र माहीत आहे. म्हणजे माहीत आहे असं त्यांना वाटतं. ती माझ्या सासूची आठवण काढतात आणि हसतात. मायेनंच हसतात, तक्रार करावी असं त्यात काही नाही.

पण ती भूक माझ्या सासूची नव्हती. हे एवढं एक वाक्य उच्चारायला मला वीस वर्षंही पुरली नाहीत, आणि अजूनही ते तोंडून निघत नाही म्हणून लिहायला बसले आहे. मी मूळची कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्या बाईला लोक गुणाची समजतात. तिच्या पोटात काय आहे ते कोणी विचारत नाही, आणि तीही त्या सोयीचा फायदा घेत राहते.

सासूला आम्ही सगळे याडी म्हणायचो. आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. घरात आम्ही गोरबोलीच बोलायचो, पण ती सगळ्यांना कळायची नाही, म्हणून आमचं बोलणं मी इथं वऱ्हाडीत लिहिते. बाहेर आम्ही तसंच बोलतो.

आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून मुलूखभर फिरायचे. माझ्या काळात त्यातलं काही उरलेलं नव्हतं. शेती होती, कपाशी आणि ज्वारी होती, दोन बैल होते आणि त्यांच्या पाठीवर कधी कोणी गोणी टाकली नव्हती. उरला होता तो फक्त एक नेम. घरातला माणूस वाटेला लागला की घरच्या बाईनं चुलीवर पाणी टाकायचं. पहिला मुक्काम पडला, म्हणजे चूल पुन्हा पेटवायची. तोवर तिनं शिजलेलं काही खायचं नाही. पुरुषांना आणि पोरांना भावकीत जेवायची मुभा होती. बैल सूर्य कलायच्या आत थांबायचेच, त्यामुळं हा उपास एका दिवसाच्या वर कधी जात नसे. याडीला तो तिच्या सासूनं शिकवलेला. त्या सासूनं म्हणे लादलेले शेवटचे बैल लहानपणी डोळ्यांनी पाहिले होते.

वाट ओळखीची असली तर याडी सूर्याकडं बघून चूल पेटवायची. माझा नवरा अमरावतीला शिकायला होता तेव्हा मोटार कुठवर गेली असेल याचा तिचा अंदाज चुकत नसे. वाट अनोळखी असली तर मात्र सांगावा यावा लागे. सांगावा आला की चूल.

नवरा यवतमाळला शेतीच्या अवजारांच्या सरकारी कामात होता. साठीच्या दशकातली गोष्ट आहे. माणसानं मागून हाकायची छोटी नांगरणीची यंत्रं जपानातून यायला लागली होती आणि ती दुरुस्त कशी करायची हे शिकायला काही लोकांना नऊ महिने तिकडं पाठवायचं ठरलं. त्यात त्यांचा नंबर लागला. आमची लेक तेव्हा चार महिन्यांची होती.

ही बातमी सांगायला ते घरी आले त्या संध्याकाळी अंगणात बरीच माणसं जमली होती. त्यांनी काडी घेऊन सारवलेल्या अंगणात मुंबई, कलकत्ता, बँकॉक, हाँगकाँग आणि टोकियो अशी पाच टिंबं काढली. टोकियो तुळशीपलीकडं, पार गोठ्याच्या दाराशी गेलं.

"किती दूर हाय?" सासऱ्यांनी विचारलं.

"पाच हजार मैलाच्या आतबाहेर, बापू."

सासऱ्यांनी बोटं मोडत हिशेब केला. "लादलेला बैल दिवसाले आठ मैल चालते. म्हंजे पावनेदोन वर्सं. मधात दोन पावसाळे लागतीन. अन् पुढं समुंदर."

"विमान सकाळी उडालं का त्याच राती तथी. सोळा-सतरा तास. त्यातले हवेत म्हनसान तं दहा-अकराच. बाकी थांब्याचे."

"सोळा तासांत नेरचं कापसाचं वजन होत नाई," कोणीतरी मागून म्हणालं.

नवऱ्यानं आणखी एक सांगितलं. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं असतं. इकडं भाकरीची वेळ झाली, तर तिकडं झोपायची तयारी.

याडी इतका वेळ लेकीला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मंग तू आमच्याआधी म्हातारा व्हशीन."

सगळे हसले. ती हसली नाही. ती त्या टिंबांकडं बघत होती. "मधात मुक्काम किती?"

"तीन थांबे हायेत, याडी. हे तीन."

"तथी बैल सोडतेत?"

"विमानाले बैल नसतेत."

"ते मले बी मालूम हाय. चारापानी तं लागत असन त्याले?"

"तेल भरतेत. दोन-दोन तास थांबते."

"अन् ओझं?"

"कोनतं ओझं?"

"तुही पेटी."

"पेटी मुंबईलेच त्यायच्या हवाली करतो. ते डायरेक्ट टोकियोले हाती येते. मधात कोनी बोट लावत नाई." हे त्यांनी मोठ्या कौतुकानं सांगितलं. विमानातली इतर कुठलीही गोष्ट त्यांना एवढी भारी वाटली नसावी.

याडीनं लेकीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "मंग मधात मुक्काम नाई," ती म्हणाली. "जथी पाठीवरचं ओझं उतरते, तो मुक्काम. नुसता उभा राह्यला तं बैल बी उभा राह्यते पान्याले. त्याले कोनी मुक्काम म्हनत नाई. मुंबई ते टोकियो, हे एकच मजल."

शेजारच्या चुलतसासूनं, जिला सगळे काकी म्हणत, तोंडाला पदर लावला. "घ्या. आता पाच हजार मैलाचा उपास."

"मुंबईले जातानी मोटारीतून आगगाडीत ओझं टाकते ना तो बडनेऱ्याले?" सासरे म्हणाले. "मंग पहिला मुक्काम बडनेऱ्यालेच पडला. नेम संपला."

"ते जमिनीचं झालं. हे आभाळ हाय. वाट बदलली का नेम नवा."

नवरा काळजीत पडला. त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं की टोकियोला उतरल्याबरोबर नेरच्या ओळखीच्या कापडदुकानदाराकडं तार करायची. उडाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तार येईल, सासऱ्यांनी तिथं जाऊन बसायचं. म्हणजे फार तर दीड दिवस. याडीला त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, दीड दिवस. ती म्हणाली, "मी काई मरत नाई दीड दिवसात."

ते गेले. बडनेऱ्याचा मुक्काम याडीनं सूर्याकडं बघून धरला. मुंबईहून पत्र आलं. आणि विमानाचा दिवस उजाडला तेव्हा याडी अंगणात पूर्वेकडं तोंड करून उभी राहिली. सूर्य झाडावर आल्यावर ती आत आली, चुलीतली लाकडं बाजूला ओढली आणि निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी टाकलं. त्या चर्रर्र आवाजानं लेक झोपेतून उठली.

आता माझं सांगते. याडी मला म्हणाली होती, "तू खाय माय. आंगावरचं लेकरू हाय, तुले नेम नाई." अगदी स्वच्छ म्हणाली होती. दहाच्या सुमाराला काकी भाकरी घेऊन आली. ज्वारीच्या जाड भाकरीला आम्ही बाटी म्हणतो. बाटी आणि वर आंबाडीची भाजी. तीही म्हणाली, "लेकरवाळीले नेम नसते बाई, घे." तिच्यासोबत तांड्यातल्या दोन बायका होत्या. त्या मला पाठीमागं 'सातवीवाली' म्हणायच्या. मी कळंबकडच्या तांड्यातली, सातवी पास झालेली, आणि कमी बोलणारी. त्याचा त्यांनी गर्व असा अर्थ लावला होता. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या की सातवीवाली काय करते.

मी म्हणाले, "याडी खाईन तवाच मी खाईन."

त्यातली एक दुसरीला म्हणाली, "पाह्य, शिकेल हाय तरी."

ते ऐकून मला इतकं गोड वाटलं की ताट परत करताना मी भाजीकडं पाहिलंसुद्धा नाही. याडीनं माझ्याकडं एकदा पाहिलं. गुळाचं पाणी करून माझ्यापुढं ठेवलं. ते मी प्यायले. त्यावर तो दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोडवा संपला होता. अंगावर पाजणाऱ्या बाईची भूक कशी असते ते पाजलेल्या बाईलाच कळेल. ती पोटात नसते, हातापायांत असते. उठलं की डोळ्यांपुढं काजवे. लेक ओढून ओढून रडायची. सासरे उजाडतानाच नेरला गेले होते. याडी दारात बसून कापसातली सरकी काढत होती. वातींसाठी. तिचे ओठ कोरडे पडलेले होते, पण हात चालू होता.

दुपार झाली. सासरे परत आले. "तार नाई आली. दुकान दुपारचं बंद झालं." ते बोलले तेवढंच आणि बैल सोडून शेताकडं गेले. याडीनं मान हलवली. "येईन," म्हणाली.

मी खरं सांगते. त्या वेळी मला नवऱ्याची काळजी वाटायला हवी होती. सोळा-सतरा तास कधीच होऊन गेले होते. कलकत्ता, बँकॉक, हाँगकाँग, कुठंतरी काहीतरी झालं असेल, हे मनात यायला हवं होतं. याडीच्या मनात ते नक्की येत होतं, कारण दुपारनंतर तिनं सरकी काढलेला कापूस पुन्हा पुन्हा पिंजला. माझ्या मनात मात्र काकीची आंबाडीची भाजी होती. लसणाची फोडणी दिलेली, कण्या घालून शिजवलेली. माझा नवरा आभाळात होता की पाण्यात होता, आणि मी भाजीत कण्या किती होत्या ते आठवत होते. काकीकडं जाऊन मागता आलं असतं. पण काल दारात बोललेलं मोठं वाक्य मध्ये आडवं पडलेलं होतं.

दिवे लागायच्या वेळेला मी नाल्यावर पाण्याला गेले. घडा भरला. नेरकडून येणारी गाडीवाट तिथून दिसते. वाटेवर कोणी नव्हतं. मी परत आले, घडा खाली ठेवला आणि याडीला म्हणाले, "सांगावा आला. नेरचा गाडीवाला वाटंनं चालला होता, त्यानं सांगतलं. बापू तथून निंघाल्यावर तार आली म्हने. सुखरूप पोचले."

आधी काही ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं आणि ते बाहेर पडलं. हिशेबाच्या जोरावर पडलं, असं मी नंतर स्वतःला समजावलं. सोळा तास लागतात, दीड दिवस झाला, म्हणजे पोहोचलेच असणार. पण बोलताना हिशेब नव्हता, भूक होती.

याडीनं माझ्याकडं पाहिलं. "कोन गाडीवाला?"

"नेरचा."

"आज बजार नाई," ती म्हणाली. एवढंच. बाजार दोन दिवसांपूर्वी होऊन गेला होता आणि बाजाराशिवाय त्या वाटेला नेरची गाडी येत नसे. हे मला माहीत होतं. बोलताना सुचलं नाही.

मी खाली बघत उभी राहिले. लेक रडत होती. याडीनं कापूस सुपात ठेवला, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि म्हणाली, "चूल पेटव."

पीठ तिनंच मळलं. बाट्या तिनंच थापल्या. तव्यावरची पहिली तिनं माझ्या ताटात टाकली. त्यावर मिरचीचा ठेचा आणि तेल. आमच्या घरात सून सासूच्या आधी जेवल्याचं मी पाहिलेलं नव्हतं, आणि मी थांबले. तेव्हा तिनं माझ्याच ताटातला तुकडा मोडला, माझ्याकडं बघत तोंडात घातला आणि चावून गिळला. "आता खाय," म्हणाली.

मी किती खाल्लं ते सांगायला लाज वाटते. ती थापत राहिली आणि टाकत राहिली.

त्या संध्याकाळी शेजारी आले. सासरे भावाकडं जेवून आले. सगळ्यांना याडीनं सांगितलं, "हो, सांगावा आला." माझं नाव तिनं काढलं नाही. कोणाकडून, कसा, हेही नाही.

दुसऱ्या दिवशी सासरे पुन्हा नेरला गेले. त्यांना तो तारेचा कागद देव्हाऱ्यात ठेवायचा होता. मी दिवसभर त्या वाटेकडं बघायचं टाळत होते. दुपारनंतर ते आले ते अंगणातूनच ओरडत. "तार कुठं हाय? दुकानदार म्हनते, कागदाचा तुकडा नाई आला. कोनी सांगतलं पोचला म्हनून?"

काकी धावत आली. मागून आणखी दोघी. मी लेकीला पाजत दारामागं होते. मला उठून बाहेर यायला हवं होतं. मी उठले नाही.

याडी म्हणाली, "मीच म्हनलं."

"तुले कोनी सांगतलं?"

"कोनी नाई. मले भूक लागली व्हती."

मग काकीचा आवाज आला. "आतालोक नेम कदी मोडला नाई तुनं. अन् पोरगा आभाळात हाय तवा मोडला?"

"लागली भूक. काय करू मंग?"

"भोगा आता," काकी म्हणाली.

सासरे ओट्यावर बसले आणि पागोटं काढून मांडीवर ठेवलं. पुढं तार येईपर्यंत ते याडीशी एक शब्द बोलले नाहीत. विमानाला काही झालं असतं, तर ते याडीच्या भुकेनं झालं असतं. तांड्यात सगळ्यांनी ते मनात धरलं होतं. काहींनी बोलूनही दाखवलं. पाण्याला गेलं की बायका गप्प व्हायच्या. त्यांना वाटायचं की सुनेला सासूचं वाईट ऐकायला नको. माझी कीव करायच्या त्या.

त्या दिवसांत रोज मी ठरवायचे की सांगून टाकू. आणि रोज लक्षात यायचं की आता सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगाव्या लागतील. खोटं मी बोलले ही एक. तिनं ते आपल्या अंगावर घेतलं तेव्हा मी दारामागं बसून होते, ही दुसरी. दुसरी मला जास्त जड होती.

मी तिला एकदाच विचारलं, "याडी, चूल विझवू का?"

"नाई. पेटली ते पेटली. तू जेव."

ती स्वतः त्या दिवसांत काय खात होती ते मी बघितलं नाही. मुद्दाम बघितलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी दुकानदारानं तार पाठवली. मागं त्यानं पेन्सिलीनं मराठीत लिहिलं होतं, सुखरूप पोहोचलो, काळजी नसावी. मी मोठ्यानं वाचलं. सासऱ्यांनी कागद हातात घेऊन डोळ्यांना लावला, जरी त्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं. याडी ओट्याच्या कडेला बसली आणि तिनं लेकीला मांडीवर मागून घेतलं.

जीव भांड्यात पडला की माणसांना हसू येतं. काकीला सगळ्यात आधी आलं. "काहून वो, तुह्या भुकेनं तं पोराले चार दिवस आधीच टोकियोले पोचवलं. विमानाहून भूक तेज निंघाली." सगळं अंगण हसलं. सासरेही हसले. त्यानंतर कोणी घाईनं जेवलं की टोकियोची भूक. याडीच्या समोर म्हणायचे, याडीही हसायची. एका लग्नात तिच्या पानात सगळ्यांआधी वाढताना वाढपी म्हणाला, "आधी इले वाढा, नाई तं विमान पाडन." तेही तिनं ऐकून घेतलं. मी शेजारीच बसले होते.

नऊ महिन्यांनी नवरा परत आला. अंगण पुन्हा भरलं. विमानाची गोष्ट सांगताना ते म्हणाले की जाताना बँकॉकला इंजिनात बिघाड निघाला. आज सुटेल, उद्या सुटेल करत तिथंच अडकले, म्हणून तारेला उशीर झाला.

"आमी इथी उपाशी, अन् तू तथी उपाशी," सासरे म्हणाले.

"उपाशी कायले? आधी रातभर अन् दिवसभर विमानतळावर बसवून ठेवलं. मंग हॉटेलात नेलं. पोटभर भात खाऊन झोपलो मी तं."

याडी धान्य पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. "हॉटेलात गेला तं पेटी कुठी व्हती तुही?"

"पेटी? पेट्या उतरवल्या ना. सगळ्यायच्या खाली काढून देल्या."

"कवा?"

"दुसऱ्या दिवशी. दिवे लागायच्या वक्ताले." त्यांना हा प्रश्न कशासाठी ते कळलं नाही.

"मंग मुक्काम पडलता," याडी म्हणाली.

ती सासऱ्यांकडं बघून बोलली नाही, काकीकडंही नाही. माझ्याकडं बघून बोलली. "आयकलं ना? दिवे लागायच्या वक्ताले ओझं उतरलतं. मुक्काम पडलता."

आणि पुन्हा सूप उचललं. काकी म्हणाली, "आता कितीबी हिशोब लाव, भूक तं लागलीच व्हती ना तुले," आणि पुन्हा सगळे हसले. नऊ महिने तिनं तो एक प्रश्न सांभाळून ठेवला होता. स्वतःच्या नेमासाठी असेल असं मला क्षणभर वाटलं. पण नेम मोडल्याची शिक्षा तिनं केव्हाच घेऊन टाकली होती. तिला काळजी होती ती माझ्या तोंडून गेलेल्या शब्दाची. तो खोटा ठरू नये, एवढीच.

पुढं पुष्कळ वर्षांनी एकदा कपाशी वेचताना आम्ही दोघी एका ओळीत होतो. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी वेचता वेचता म्हणाले, "याडी, तवा गाडीवाला नव्हता आलता."

"मालूम हाय. गाडी आली अस्ती तं आधी कुत्रे भुकले अस्ते."

"मले भूक लागली व्हती."

"तेबी मालूम हाय."

मी थांबले. तिचा हात चालूच होता. "मंग तुनं आपल्या नावावर काहून घेतलं? सारे हसतेत अजून."

तिनं बोंडातला कापूस ओढून ओटीत टाकला. "म्या काय खोटं सांगतलं? मले बी लागलती. तू एकटीच भुकी व्हती का?" आणि दोन झाडं पुढं गेल्यावर, मागं न बघता, "लय लागलती. तू बोलली तवा बरंच वाटलं मले. चाल, ओळ सोडू नको."

तिच्यामागं ओळीत मी बराच वेळ काही वेचलं नाही.

ती गेल्याला आता बरीच वर्षं झाली. मला आयुष्यात पुष्कळ मिळालं. नवरा सुखरूप आला, लेक शिकली, पोटाला कधी कमी पडलं नाही. पण कोणी मला विचारलं की तुझ्यावर सगळ्यात मोठे उपकार कोणाचे, तर मी त्या संध्याकाळच्या बाटीचं नाव घेईन. माझ्याच ताटातला तुकडा मोडून, मला खाता यावं म्हणून, तिनं आधी खाल्ला होता.

मागच्या महिन्यात भावकीत लग्न झालं. पंगतीत एका पोरानं घाई केली आणि माझी लेक, तीच तेव्हाची चार महिन्यांची, हसत म्हणाली, "आमच्या आजीची टोकियोची भूक याले लागली." मीही हसले. घरी आल्यावर ते हसणं मला पचलं नाही.

म्हणून लिहून ठेवते. मुंबईहून टोकियो पाच हजार मैल, विमानानं सोळा-सतरा तास, आणि चुलीच्या हिशेबानं एक मजल. त्या मजलेत नेम मोडला तो मी मोडला. याडी उपाशी होती, पण ती तार येईपर्यंत बसून राहिली असती. पुढच्या पंगतीत कोणी टोकियोच्या भुकेचं नाव काढलं, तर तिच्याकडं नाही, माझ्याकडं बोट दाखवा. आणि मला पहिल्यांदा वाढा.